ऑल्ड्रेड : धिंग्रांच्या फाशीच्या महिन्यात 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' छापणारा इंग्रज

पाटीपेन्सिल

मदनलाल धिंग्रांचं नाव आपण शाळेपासून ऐकलेलं असतं, श्यामजी कृष्णवर्मांचंही, आणि सावरकरांच्या मार्सेलिसच्या उडीबद्दल तर मराठी माणसाला वेगळं सांगायलाच नको. पण या तिघांच्या गोष्टीत एक इंग्रज पोरगा आहे, वय २२, जवळ पैसा नाही की मोठ्या घराण्याचं पाठबळ नाही, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे जेमतेम एखादी ओळ लिहिलेली सापडते. गाय अल्फ्रेड ऑल्ड्रेड त्याचं नाव. पन्नासेक वर्षं हा माणूस एकामागून एक पत्रं काढत राहिला, बंद पडलं की दुसरं, जप्त झालं की तिसरं. म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं.

आधी १९०९. त्या वर्षी १ जुलैला लंडनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमधे धिंग्रांनी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. श्यामजी तेव्हा पॅरिसला होते, १९०७ मधेच निघून गेले होते, पण त्यांचं 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' हे पत्र अजून लंडनलाच छापलं जायचं. आर्थर हॉर्सली नावाचा साधा धंदेवाईक छापखानेवाला ते छापायचा, चळवळीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. संपादक हाताशी लागत नाही म्हटल्यावर सरकारने त्यालाच धरलं. धिंग्रांना फाशीची शिक्षा झाली त्याच दिवशी, २३ जुलैला, हॉर्सलीलाही शिक्षा झाली आणि मुख्य न्यायाधीश अल्व्हरस्टोन यांनी बजावलं की यापुढे असला मजकूर जो कोणी छापेल त्याच्यावर खटला होईल.

आता एवढं झाल्यावर लंडनमधला कुठला छापखानेवाला ते काम घेईल? कोणी घेणार नाही हे उघड होतं, आणि नेमकं म्हणूनच ऑल्ड्रेडने घेतलं. श्यामजींचे विचार त्याला पटत होते म्हणून नव्हे. तो कट्टर अराज्यवादी, म्हणजे सरकारच नको म्हणणारा, राष्ट्र ही कल्पनाच त्याला मान्य नव्हती, आणि एकट्यादुकट्या अधिकाऱ्याला मारून साम्राज्य हलतं असंही तो मानत नव्हता. त्याचं म्हणणं साधं होतं की हिंदी माणसाला आपल्या देशाबद्दल जे म्हणायचंय ते छापायची इंग्लंडमधे मुभा नसेल तर छापण्याचं स्वातंत्र्य म्हणून जे मिरवलं जातं ते खोटं आहे. ऑगस्टचा अंक त्याने आपल्या बाकुनिन प्रेसच्या नावाने काढला (बाकुनिन म्हणजे रशियन अराज्यवादी विचारवंत). धिंग्रांना १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी दिलं, आणि ऑगस्ट संपायच्या आत ऑल्ड्रेडला अटक झाली. १० सप्टेंबरला ओल्ड बेलीत खटला उभा राहिला, न्यायमूर्ती कोलरिज. स्वतःची बाजू स्वतःच मांडली, १२ महिने कैद झाली.

त्या अंकात त्याने नुसतं श्यामजींचं छापून सोडलं नव्हतं, धिंग्रांच्या बाजूने स्वतःही लिहिलं होतं. एका माणसाने एकाला मारलं तर तो खुनी, आणि सरकार दूरदेशी जाऊन माणसं मारतं त्याला मात्र कायदा म्हणायचं, हे त्याला सहन होत नव्हतं. १८५७ ची आठवणही त्याने काढली होती. फाशीच्या महिन्यात, लंडनमधे बसून, आपलं नाव खाली घालून!

सुटून आला आणि गप्प बसेल असं कोणालाही वाटलं असतं, पण तोवर सावरकरांचं प्रकरण पेटलं होतं. ८ जुलै १९१० ला त्यांनी मार्सेलिसला 'मोरिया' बोटीतून उडी मारली, फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोचले, आणि तिथून त्यांना परत इंग्रज पोलिसांच्या हवाली केलं गेलं. ऑल्ड्रेडने सावरकर सुटका समिती काढली. त्याचा मुद्दा आश्रयाच्या हक्काचा होता, की राजकीय कैदी एकदा परक्या भूमीवर पोचला की त्याला तिथून असं उचलून नेता येत नाही. फेब्रुवारी १९११ मधे हेगच्या लवादाने इंग्लंडच्या बाजूने निकाल दिला, सावरकरांना परत द्यायची गरज नाही म्हणून, तरी याने सोडलं नाही. डिसेंबर १९१० पासून त्याचं 'हेराल्ड ऑफ रिव्होल्ट' नावाचं पत्र निघत होतं, १९१२ मधे त्याचा एक अख्खा अंक सावरकरांवर काढला. सावरकर तेव्हा अंदमानात होते. त्यांच्यासाठी लंडनमधे अंक काढून ऑल्ड्रेडला काय मिळणार होतं, ना पैसा ना पद.

थोडं आधीचं. जन्म ५ नोव्हेंबर १८८६, लंडनच्या क्लार्कनवेल भागात. तो दिवस इंग्लंडची संसद उडवू पाहणाऱ्या गाय फॉक्सचा म्हणून नावही तेच ठेवलं. बाप आरमारात, आईशी लग्न केलं पण नांदवलं नाही, म्हणून पोरगा आजोबांकडे वाढला. आजोबा पुस्तक-बांधणीचं काम करणारे, जुन्या वळणाचे सुधारक, घरात वादविवाद रोजचेच. पंधरा-सोळाव्या वर्षी हा रस्त्यावर उभा राहून ख्रिस्ती प्रवचनं करायला लागला, लोक 'बालप्रवचनकार' म्हणायचे. दोनचार वर्षांत देवावरून विश्वास उडाला, मग सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशन या समाजवादी पक्षात गेला, तेही पटलं नाही, आणि विशीत बाकुनिनपाशी येऊन थांबला. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोऱ्या म्हणून सुरुवात केली होती, 'डेली क्रॉनिकल'मधे काम केलं, ती नोकरी सोडून स्वतःची पत्रकं छापायला लागला, आणि त्यानंतर आयुष्यभर कोणाची चाकरी केली नाही.

पुढचं महायुद्ध, ग्लासगो, निवडणुका वगैरे खाली चर्चेत येऊ द्या, ज्याला जे माहीत असेल त्याने भर घाला.

रानपाखरू

छान लिहिलंय. एक विचारायचंय, पहिल्या महायुद्धात याचं काय झालं? कारण क्रोपोटकिनसारखा मोठा अराज्यवादी माणूससुद्धा दोस्त राष्ट्रांच्या बाजूने उभा राहिला होता.

पाटीपेन्सिल

हो, आणि तिथेच ऑल्ड्रेडची आणि त्या लोकांची फारकत झाली. खरंतर लंडनच्या 'फ्रीडम' या अराज्यवादी पत्राच्या मंडळींशी त्याचं आधीही फारसं पटत नव्हतं. १९१४ च्या जूनपासून 'हेराल्ड'च्या जागी 'द स्पर' निघायला लागलं, आणि दोन महिन्यांत युद्ध. 'स्पर'ने पहिल्यापासून युद्धाला विरोध केला. १९१६ ला सक्तीची भरती आली, हा गेला नाही, लष्करी कोर्टापुढे उभा केला. तिथून जे सुरू झालं ते युद्ध संपलं तरी संपेना, कारण पद्धतच अशी होती की शिक्षा भोगून झाली की पुन्हा पलटणीत पाठवायचं, तिथे हुकूम मोडला की पुन्हा कोर्ट, पुन्हा तुरुंग. डार्टमूरच्या कामाच्या छावणीतून निघून गेला तर परत पकडला, वॉन्ड्सवर्थमधे उपोषणं केली. सुटला तो जानेवारी १९१९ मधे.

जुळारी

आमचा छापखान्याचा धंदा, आजोबांपासूनचा, म्हणून मला हॉर्सलीच्या भागावर लिहायचंय. आपल्याकडे प्रत्येक अंकाच्या शेवटी ती ओळ असते ना, हे पत्र अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून इथे प्रसिद्ध केले, ती हौस म्हणून नसते. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं नाव घालणं सक्तीचं केलं होतं, इंग्लंडमधेही मुद्रकाचं नाव छापावंच लागायचं. याचा अर्थ लेखक टोपणनावाने लिहू शकतो, संपादक पॅरिसला जाऊन बसू शकतो, पण छापखाना उचलून कुठे नेणार. खिळ्यांच्या केसेस, ट्रेडल, कागदाची रिमं, कामगारांचे पगार, सगळं एका पत्त्यावर. म्हणून सरकारला पत्र बंद पाडायचं असलं की ते आधी मुद्रकाकडे जातं. आपल्याकडे १९१० च्या प्रेस ॲक्टात छापखान्यांकडून जामीन मागायला लागले ते याच हिशोबाने, रक्कम जप्त होईल या भीतीने मुद्रकच मजकूर घ्यायला नकार देतो, संपादकाला हात लावायची गरजच पडत नाही.

हे ओळखून ऑल्ड्रेडने लेखक, संपादक, मुद्रक, प्रकाशक, विक्रेता सगळं एकाच नावावर घेतलं. मधे घाबरणारा कोणी ठेवलाच नाही. याची किंमत काय असते ते धंद्यातल्या माणसाला विचारा. धंद्याची कामं, लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, यावर छापखाना चालतो, आणि राजद्रोहात नाव गेलं की ती गिऱ्हाइकं पुन्हा येत नाहीत. टिळकांना १९०८ मधे सहा वर्षं झाली, त्याच वर्षी 'काळ'कर्ते शि. म. परांजपे आत गेले, ते आपल्याला माहीत आहे कारण ते आपले, आणि त्यांच्या मागे वाचक उभे होते. याच्या मागे कोण होतं?

अश्विनी_नाशिक

सगळं कौतुक मान्य, पण एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. धिंग्रांच्या गोळ्यांनी डॉ. लालकाकाही मेले, जे मधे पडले होते. त्या कृत्याच्या समर्थनात छापणं आणि छापण्याच्या स्वातंत्र्यासाठी छापणं यातली रेघ ऑल्ड्रेडने पाळली असं तुम्ही म्हणता, पण वर तुम्हीच सांगताय की त्याने स्वतःही लिहिलं.

पाटीपेन्सिल

रेघ त्याने पाळली असं माझं म्हणणं नाही. कोरड्या तत्त्वासाठी छापून हात झटकणारा तो माणूस नव्हता, त्याला त्या २५-२६ वर्षांच्या पोराबद्दल खरोखर वाटत होतं आणि ते त्याने लिहिलं. लालकाकांचा मृत्यू वाईटच. पण हे लक्षात घ्या की अल्व्हरस्टोनची धमकी समर्थनापुरती नव्हती, त्यानंतर ते पत्रच लंडनमधे कोणी छापू धजणार नव्हतं, चांगला वाईट सगळा मजकूर धरून. आणि झालंही तेच, ऑल्ड्रेड आत गेल्यावर छपाई पॅरिसला हलवावी लागली. हिंदुस्थानात तर १९०७ पासूनच त्यावर बंदी होती. म्हणजे हिंदी लोकांचं एक पत्र दोन्हीकडून कोंडलं गेलं, आणि मधल्या एका महिन्यासाठी एक माणूस दारात उभा राहिला. मला त्याबद्दल अतिशय आदर आहे आणि तो मी लपवणार नाही.

मीरा_द

तुमच्या सगळ्या धाग्यात रोझ विटकॉपचं नावच नाही, मला ते खटकलं. ही मूळची किएव्हकडची ज्यू मुलगी, लंडनच्या ईस्ट एंडमधे वाढलेली, तिची बहीण मिली म्हणजे जर्मन अराज्यवादी रुडॉल्फ रॉकरची जोडीदार. ऑल्ड्रेड आणि ती १९०७ पासून एकत्र, लग्न न करता, कारण दोघांनाही सरकारदरबारी नोंद मान्य नव्हती. १९०९ ला मुलगा झाला, ॲन्सली, आणि त्याच वर्षी हा तुरुंगात. तान्हं पोर आणि घरात पैसे नाहीत, याचा हिशोब कोणी करायचा? पुढे युद्धात ऑल्ड्रेड आत होता तेव्हा 'स्पर' कोणी चालवलं? हिने. हे नेहमी त्याच्या नावावर जातं.

आणि तिचं स्वतःचं मोठं काम म्हणजे संततिनियमन. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या अमेरिकेच्या मार्गारेट सँगरची 'फॅमिली लिमिटेशन' ही पुस्तिका १९२२ मधे रोझ आणि ऑल्ड्रेडने इंग्लंडमधे काढली, साध्या भाषेत, आकृत्यांसकट, कामगार बायकांना परवडेल अशी. डिसेंबरात पोलिसांनी धाड घातली, अश्लील म्हणून जानेवारीत सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. डोरा रसेल आणि अर्थतज्ज्ञ केन्स यांनी अपिलासाठी पैशाची हमी घेतली, तरी अपील फेटाळलं. श्रीमंत बायकांना हेच ज्ञान डॉक्टरकडून मिळत होतं, आक्षेप होता तो गरिबांना स्वस्तात कळण्याला. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ मधे मुंबईत केंद्र उघडलं आणि 'समाजस्वास्थ्य'वर खटले झेलले, तोही हाच काळ.

नंतर दोघं वेगळे झाले. तरी रोझला परदेशी म्हणून हद्दपार करायची वेळ आली तेव्हा १९२६ ला त्यांनी रीतसर लग्न केलं, तिला देशाबाहेर काढता येऊ नये एवढ्याचसाठी. आयुष्यभर ज्या नोंदीला विरोध केला तिथे जाऊन सही केली. १९३२ मधे ती गेली, फार लवकर.

पाटीपेन्सिल

मीराताई, अगदी बरोबर, आणि इतकं नीट लिहिल्याबद्दल आभार.

क्लाईडकाठ

मी ग्लासगोला असतो म्हणून तिथलं सांगतो. ऑल्ड्रेड पहिल्यांदा १९१२ मधे इथे भाषणं द्यायला आला आणि युद्धानंतर इथलाच झाला. लंडनमधे त्याला जेवढं ऐकलं नाही तेवढं क्लाईड नदीच्या काठच्या गोदी आणि कारखान्यांतल्या कामगारांनी ऐकलं. १९२१ मधे इथे 'रेड कम्यून' नावाचं पत्र काढलं तर पुन्हा राजद्रोह, ऑल्ड्रेडला एक वर्ष, आणि त्याच्याबरोबर जेनी पॅट्रिक, मॅक्लीश आणि छापणारा फ्लेमिंग या तिघांना तीन-तीन महिने. गुन्हा काय तर निवडणूक लढवा पण निवडून आल्यावर संसदेत बसू नका, शपथ घेऊ नका, हा आयर्लंडच्या शिन फेनचा मार्ग कामगारांना सांगितला. स्वतः तो असाच उभा राहायचा. १९२२ च्या शेटलस्टनपासून १९६२ च्या वुडसाइड पोटनिवडणुकीपर्यंत, दर वेळी मतं शेकड्यात.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ग्लासगो ग्रीनची. हे शहरातलं जुनं मोठं मैदान, इथे पिढ्यानपिढ्या कोणीही उभं राहून बोलायचं, राजकारणी, धर्मवाले, दारूबंदीवाले. नगरपालिकेने १९१६ मधे नियम केला की परवानगीशिवाय सभा नाही. १९३१ मधे काही फिरते प्रवचनकार परवानगी न घेता देवाचं बोलले म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. आणि त्यांच्यासाठी कोण उभं राहिलं? हा नास्तिक माणूस. डाव्या सगळ्या गटांना एकत्र करून समिती काढली, मोर्चे निघाले, मारामाऱ्या झाल्या, खटले झाले, पुढे नियम सैल करावा लागला. पोरवयात तो स्वतः तसाच रस्त्यावर उभा राहून बायबल सांगायचा.

रानपाखरू

ही गोष्ट आणि १९०९ ची गोष्ट एकच वाटते मला. ज्याचं पटत नाही त्याच्यासाठी जाऊन उभं राहायचं.

देवदत्त१९

विरजण घालायची इच्छा नाही पण ड्यूक ऑफ बेडफर्डचं कोणीच का बोलत नाही? ऑल्ड्रेडचं शेवटचं पत्र 'द वर्ड', त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा ड्यूक सतत लिहायचा आणि पैसेही द्यायचा. ड्यूक शांततावादी होता हे खरं, पण त्याची ऊठबस ब्रिटिश पीपल्स पार्टीसारख्या उजव्या, हिटलरबद्दल मवाळ लोकांत होती. अराज्यवादी पत्र एका उमरावाच्या पैशावर, तेही अशा उमरावाच्या? तेव्हाच्या कित्येक जुन्या सोबत्यांनी यावरून त्याला धारेवर धरलं होतं आणि माझ्या मते योग्यच धरलं.

पाटीपेन्सिल

हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो हलका नाही. ऑल्ड्रेडचं उत्तर नेहमीचंच होतं, युद्धाविरुद्ध बोलणाऱ्याला दुसरीकडे कुठे छापत नसतील तर मी छापीन. पण प्रवचनकारांना व्यासपीठ देणं आणि ज्याच्या गटाला मोकळं बोलणंच नकोय अशा माणसाकडून पैसे घेणं यात फरक आहे, आणि तो फरक त्याने करायला हवा होता. त्याच छापखान्यातून त्याने लष्करभरती नाकारणाऱ्या शेकडो साध्या पोरांना कोर्टापुढे काय बोलायचं, अर्ज कसा करायचा याची मदत केली, ते कामही खरं आहे. दोन्ही नोंदवू.

छापखान्याचा पैसा मात्र ड्यूकचा नाही. सर वॉल्टर स्ट्रिकलंड नावाचे एक सरदार होते, साम्राज्याचे कडवे विरोधक, हिंदी क्रांतिकारकांचेही मित्र, ते १९३८ मधे वारले आणि ऑल्ड्रेडला सुमारे ३००० पौंड ठेवून गेले. त्यातून जुनी यंत्रं घेऊन जॉर्ज स्ट्रीटवर स्ट्रिकलंड प्रेस उभा राहिला. चालवणारे चौघं : ऑल्ड्रेड, जेनी पॅट्रिक, एथेल मॅकडोनाल्ड, जॉन टेलर कॉल्डवेल. पगार असा नाहीच.

क्लाईडकाठ

एथेलवर दोन ओळी. १९३६ च्या शरदात ती आणि जेनी पॅट्रिक स्पेनच्या यादवीत बार्सिलोनाला गेल्या, एथेल तिथल्या अराज्यवादी रेडिओवर इंग्रजीतून बोलायची. मे १९३७ मधे कम्युनिस्टांनी अराज्यवाद्यांची धरपकड सुरू केली तेव्हा तिने कैद्यांना अन्न आणि पत्रं पोचवली, लोकांना देशाबाहेर निघायला मदत केली, शेवटी स्वतः आत गेली. इथे ऑल्ड्रेड तिची पत्रं मिळतील तशी छापत होता. त्या वेळी ब्रिटनमधे डावी वर्तमानपत्रंसुद्धा मॉस्कोने सांगितलेलीच हकीकत देत होती, त्यामुळे ग्लासगोची ती स्वस्त कागदावरची पत्रकं फार मोलाची ठरली. एथेल १९६० ला गेली. ऑल्ड्रेड १६ ऑक्टोबर १९६३ ला, कफल्लक. देह विद्यापीठाच्या शरीरशास्त्र विभागाला दिला होता.

जुळारी

७६ वर्षांचा होता म्हणजे, आणि शेवटपर्यंत 'वर्ड' निघत होतं? खिळे जुळवून, त्या वयात? प्रुफं वाचूनच डोळे जातात हो.

पाटीपेन्सिल

हो, त्याच वर्षापर्यंत.

आणि एक राहिलं, जे आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. 'वर्ड'मधे मुंबईहून लिहिणारा एक माणूस होता, एम. पी. टी. आचार्य. मूळ मद्रासचे, लंडनला इंडिया हाऊस या श्यामजींच्या हिंदी विद्यार्थ्यांसाठीच्या वसतिगृहात सावरकरांच्या अगदी जवळच्या मंडळींत, पुढे काबूल, ताश्कंद, तिथे १९२० मधे हिंदी कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होते, मग लेनिनच्या लोकांशी बिनसलं आणि बर्लिनमधे ते अराज्यवादी झाले. १९३५ मधे मुंबईला परतले, बरोबर रशियन चित्रकार बायको माग्दा नाखमन. ऑल्ड्रेड ज्यांच्या पत्रासाठी १९०९ ला आत गेला त्याच इंडिया हाऊसमधला हा माणूस, चाळीस वर्षांनी त्याच ऑल्ड्रेडच्या पत्रात लिहीत होता, या वेळी नेहरूंच्या सरकारवर टीका करत. माग्दा १९५१ ला गेल्या, आचार्य १९५४ ला, मुंबईतच, हलाखीत. त्यांच्या लंडनच्या आठवणी १९३७ मधे पुण्याच्या इंग्रजी 'मराठा'त, म्हणजे 'केसरी'च्या भावंड पत्रात, क्रमशः आल्या होत्या. इथे पुण्यातले कोणी असतील आणि जुने अंक बघता येत असतील तर त्यातलं इंडिया हाऊसबद्दलचं जे सापडेल ते याच धाग्यावर टाका.